भोंगे वाढवून धून चढत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीत इंग्लंडमधील छोट्या गावांच्या फुटबॉल क्लबांवर आलेला लेख वाचला. वॉटफर्डचा संघ 'झेड-कार्स' या जुन्या पोलिसी मालिकेच्या शीर्षकधुनेवर मैदानात उतरण्याची परंपरा त्यात आली, हे चांगलेच झाले. मात्र ही धून अंगावर काटा आणते ती मोठमोठ्या स्पीकरमुळे, आणि खालच्या विभागांतल्या क्लबांनी तशी यंत्रणा बसवली की त्यांच्याकडेही तसेच वातावरण तयार होईल, हा लेखातला निष्कर्ष पटण्यासारखा नाही. गोष्ट बरोबर उलटी आहे. ही धून मैदानावर चालते, कारण ती चांगल्या स्पीकरसाठी बांधलेलीच नव्हती.

'झेड-कार्स' बीबीसीवर २ जानेवारी १९६२ रोजी सुरू झाली आणि १९७८ पर्यंत चालली. लिव्हरपूलजवळच्या कर्कबीवर बेतलेले न्यूटाउन नावाचे काल्पनिक गाव, गस्तीवर फिरणाऱ्या फोर्ड झेफर गाड्या आणि त्यांतले पोलीस, असा सगळा मामला. सुरुवातीचे भाग थेट प्रक्षेपित होत. गाडीतले प्रसंग स्टुडिओतच, मागच्या पडद्यावर पळता रस्ता दाखवून उरकले जात. पुढच्या काळातल्या मारधाडीच्या मालिकांपुढे तिची धावपळ सौम्य वाटेल. पण पोलीस असे घाईत, वैतागलेले आणि चुकणारे बघायची त्या वेळच्या प्रेक्षकांना सवय नव्हती.

धून मूळची 'जॉनी टॉड' या लोकगीताची. फ्रँक किडसन यांनी १८९१ मध्ये छापलेल्या लोकगीतांच्या संग्रहात ते सापडते. जॉनी दर्यावर जातो, त्याची प्रेयसी लिव्हरपूलच्या किनाऱ्यावर रडत बसते आणि दुसराच खलाशी तिला पटवून घेऊन जातो, अशी ही कथा. (घरच्या मैदानावर संघाचे स्वागत करायला याहून अपशकुनी गाणे शोधून सापडणार नाही, पण शब्द कोणी गातच नाही, त्यामुळे निभावले आहे.) मालिकेसाठी या चालीची बांधणी फ्रिट्झ स्पीगल आणि ब्रिजेट फ्राय यांनी केली. स्पीगल हे लिव्हरपूल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे प्रमुख बासरीवादक होते. ही एक गोष्ट लेखात यायलाच हवी होती, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. त्यांनी चाल दिली ती छोट्या, तीक्ष्ण बासऱ्यांना आणि साइड ड्रमला. आधी ड्रमची कडकड, मग तिच्यावर बासरी. जॉनी कीटिंग यांच्या वाद्यवृंदाने केलेली तबकडी १९६२ मध्ये ब्रिटिश विक्रीयादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेली. नॉरी पॅरामोर यांचीही एक तबकडी त्याच वर्षी यादीत होती.

लिव्हरपूलच्याच एव्हर्टन क्लबने ती उचलली, आणि १९६२-६३ चे लीग विजेतेपदही त्यांनाच मिळाले. वॉटफर्डमध्ये ती बिल मॅकगॅरी व्यवस्थापक असताना, १९६३-६४ च्या सुमारास आली असे सांगतात. वॉटफर्ड तेव्हा तिसऱ्या विभागात होते. १९७७-७८ पासून पाच हंगामांत ग्रॅहम टेलर यांनी हा क्लब चौथ्या विभागातून पहिल्यात नेला, १९८२-८३ मध्ये लीगमध्ये दुसरा आणला आणि १९८४ मध्ये एफए चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचवला. तिथे समोर होते एव्हर्टन. शार्प आणि ग्रे यांच्या गोलांनी एव्हर्टन २-० जिंकले. धुनेत नशीब असते म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी कोणत्या स्टँडमध्ये बसायचे, ते एकदा सांगावे.

आता मुद्द्यावर येतो. १९६०च्या दशकातल्या घरगुती टीव्हीचा स्पीकर काही इंचांचा असे, लाकडी पेटीत एका बाजूला बसवलेला. खालचे सूर त्यातून जेमतेम निघत. शीर्षकधुनेचे काम मात्र अवघड: घरात कोणी दुसऱ्या खोलीत असले तरी पहिल्या चार-पाच सेकंदांत 'आपली मालिका लागली' हे त्याला कळले पाहिजे. म्हणून त्या काळचे संगीतकार चालीचा सगळा जीव मधल्या आणि वरच्या सुरांत ठेवत. लहान फुटबॉल मैदानावर छपराला टांगलेल्या भोंग्याची मर्यादा हुबेहूब हीच आहे. फूट-सव्वा फूट तोंडाचा भोंगा ३०० हर्ट्झच्या (सेकंदाला ३०० कंपनांच्या) खाली हात टेकतो आणि वर सहा-आठ हजारांपर्यंत जातो. पिकोलो ही सर्वांत छोटी बासरी वाजते ५८७ ते ४,१८६ हर्ट्झमध्ये, म्हणजे अख्खी या पट्ट्याच्या आत. माणसाचा कान सर्वांत तिखट असतो तो दोन ते पाच हजार हर्ट्झच्या दरम्यान. साइड ड्रमच्या तारांची सळसळही तिथेच असते. त्यामुळे धुनेतले भोंग्याने गाळावे असे फारसे काही उरतच नाही.

याउलट आजचे कोणतेही तालप्रधान गाणे घ्या. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची, मोठ्या ड्रमचा ठोका साठ ते शंभरच्या आसपास. भोंग्यातून यातले काहीच बाहेर पडत नाही. उरते ती वरची टिकटिक आणि गायकाचा नाकातला आवाज. मग ऑपरेटर आवाज वाढवतो, आणि इथून बिघाड सुरू होतात. भोंग्याच्या आत एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो; खालचे सूर जोरात आले की त्याचा गाभा संपृक्त होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व पेलू शकत नाही, आणि चांगला-वाईट सगळाच आवाज चिरका येतो. त्याच वेळी भोंग्याचा पडदा, जो एखाद-दुसरा मिलिमीटर हलण्यासाठीच बनवलेला असतो, तो खालच्या सुरांना नको तितका हलतो आणि त्याची कॉइल घासते किंवा तुटते. हंगामाच्या मध्यावर एकेक भोंगा मुका होत जातो, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते, पाऊस नव्हे. उपाय सोपा आहे: अँप्लिफायरच्या आधी २५० ते ३०० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर, म्हणजे त्याखालचे सूर अडवणारी चाळणी, लावायचा. बहुतेक मिक्सरवर असलेले 'लो-कट' बटण ऐंशी-शंभर हर्ट्झचे असते. ते पुरत नाही.

'मोठे स्पीकर' या कल्पनेचा हिशेबही एकदा मांडू. साधा भोंगा एका वॅटला एक मीटरवर सुमारे १०५ डेसिबल देतो. तीस वॅट दिले की आणखी १५, म्हणजे १२०. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या हवेत ६ डेसिबल घटतात: दोन मीटरवर ११४, चारवर १०८, आठवर १०२, सोळावर ९६, बत्तीसवर ९०, चौसष्टवर ८४. दोन हजारांचा उत्साही जमाव सहज तेवढा आवाज स्वतःच करतो. म्हणजे चौसष्ट मीटरवर बसलेल्याला धून गर्दीत बुडालेली ऐकू येणार. आता तीसऐवजी साठ वॅट दिले तर किती वाढेल? फक्त ३ डेसिबल, जे लक्ष देऊन ऐकले तरच जाणवते. आवाज दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, आणि १० डेसिबलला दसपट वॅट. तेच भोंगे प्रेक्षकांपासून सोळा मीटरवर आणले, तर वॅट न वाढवता १२ डेसिबल फुकट मिळतात. क्लबने पैसे घालायचेच असतील तर ते वॅटमध्ये न घालता भोंग्यांच्या संख्येत आणि केबलमध्ये घालावेत: प्रत्येक भोंगा लहान, पण जवळ.

केबलचे म्हणाल तर लांब ओळीसाठी १०० व्होल्टची पद्धत (जास्त व्होल्टेज आणि कमी प्रवाह पाठवून भोंग्यातल्या ट्रान्सफॉर्मरने ते उतरवण्याची) सोडून दुसरे काही करू नये. १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल दोनशे मीटर टाकली, तर जाण्या-येण्याचा मिळून रोध ४.६ ओहम होतो. टोकाला १५० वॅटचा भार १०० व्होल्टवर असेल, तर सुमारे साडेसहा टक्के व्होल्टेज वाटेत जाते. कानाला कळतही नाही. तीच शक्ती घरगुती पद्धतीने आठ ओहमच्या स्पीकरला पाठवली, तर अँप्लिफायर जे देतो त्यातले ३६ टक्के केबल गरम करण्यात खर्ची पडते. प्रत्येक भोंग्याच्या मागे ३०, १५, ७.५ वॅट असे टॅप, म्हणजे तो किती वॅट घेईल हे ठरवणाऱ्या जोडण्या, असतात. सगळ्या टॅपांची बेरीज अँप्लिफायरच्या क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांवर जाऊ द्यायची नाही: दहा भोंगे १५ वॅटवर म्हणजे १५०, त्याला २४० वॅटचा अँप्लिफायर पुरेसा. पुढच्या वर्षी कोणीतरी 'अजून चार लावू' म्हणून जोडतो, बेरीज २१० होते, म्हणजे ऐंशी टक्क्यांच्या १९२ वर जाते, आणि ऐन सामन्यात अँप्लिफायर तापून बंद पडतो. टॅप बदलला की भोंग्यावरच खडूने किंवा रंगाने आकडा लिहून ठेवावा. ओळ तपासायला साधा मल्टिमीटर उपयोगी नाही, तो ट्रान्सफॉर्मरच्या तारेचा डीसी रोध दाखवतो; एक हजार हर्ट्झवर इम्पिडन्स (उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा एकूण अडथळा) मोजणारा मीटर हवा. दीडशे वॅटच्या ओळीला तो ६७ ओहमच्या आसपास दाखवेल. चाळीस दाखवला तर कुठेतरी पाणी शिरले आहे किंवा कोणीतरी टॅप फिरवला आहे.

पाण्यावरून आठवले. भोंग्याचे तोंड दहा-पंधरा अंश खाली झुकलेले असावे, म्हणजे आत गेलेला थेंब बाहेर येतो. केबल भोंग्यात शिरण्याआधी तिला खाली एक वळसा द्यावा. नाही तर तिच्यावरून ओघळणारे पाणी थेट जोडणीत उतरते. उन्हाळी सुट्टीनंतर तोंडातली गांधीलमाश्यांची घरटी काढणे हाही दुरुस्तीचाच भाग आहे, त्याकडे हमखास दुर्लक्ष होते.

एका भोंग्याच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या तर तो एकटा ऐकताना काहीच वावगे वाटत नाही. पण शेजारच्या भोंग्याचा पडदा पुढे येतो तेव्हा याचा मागे जातो, आणि दोघांच्या मधल्या पट्ट्यात दोन्ही आवाज एकमेकांना खातात. धून लावून स्टँडच्या पायऱ्यांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावे. जिथे बासरी अचानक पातळ होते आणि दोन पावलांवर पुन्हा येते, तिथे वर बघावे. उलटा भोंगा त्या दोघांपैकी एक असतो. तो सुलटा करायला पाच मिनिटे लागतात, तरी कित्येक ठिकाणी त्यावर नवे भोंगे घेण्याचा ठराव होतो.

लहान मैदानावर धुनेचा खरा शत्रू मात्र समोरचा स्टँड. हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. मैदान ६८ मीटर रुंद. दोन्हीकडची मोकळी जागा आणि बाके धरली तर समोरासमोरच्या भोंग्यांत साधारण ८६ मीटर अंतर पडते. म्हणजे डोक्यावरच्या भोंग्यातला ठोका लगेच आणि समोरचा पाव सेकंदाने ऐकू येतो. पन्नास मिलिसेकंदांच्या पुढे गेलेला आवाज कान वेगळा मोजतो, आणि इथे तर त्याची पाचपट आहे. त्यात मिनिटाला १२० ठोक्यांची चाल असेल, तर दोन ठोक्यांत अर्धा सेकंद असतो. पाव सेकंदाने येणारी प्रतिमा बरोबर मधोमध पडते आणि ड्रम दुप्पट वेगाने वाजल्याचा भास होतो. 'झेड-कार्स'सारख्या ड्रमवर चालणाऱ्या धुनेचा त्यात पार विचका होतो. लोक टाळ्या धरायला जातात, दोन्ही स्टँड वेगवेगळ्या ठोक्यावर धरतात आणि दहा सेकंदांत सोडून देतात.

यावर डिजिटल डिले (आवाज काही क्षण थांबवून सोडणारे यंत्र) लावा, असा सल्ला हमखास मिळतो. भोंगे एकाच दिशेने, एकामागे एक असतील तर तो योग्य आहे. समोरासमोर असतील तर निरुपयोगी: पश्चिमेचा आवाज पाव सेकंद थांबवला की पूर्वेच्या प्रेक्षकाला पश्चिमेचा ठोका अर्ध्या सेकंदाने येणार. एकाचे दुखणे दुसऱ्याच्या गळ्यात. उपाय दिशेचा आहे. भोंगे छपराच्या पुढच्या कडेला लावून तोंड मैदानाकडे नव्हे, तर आत, आपल्याच प्रेक्षकांच्या छातीकडे करायचे. समोरून गळणारा आवाज जवळच्यापेक्षा दहा डेसिबलने खाली गेला की कान त्याची दखल सोडतो. मैदानावर खेळाडूंना धून थोडी हळू ऐकू येईल. येऊ द्या, ती त्यांच्यासाठी नाहीच. हवामानाची चिंता मात्र फार करू नये. पाच अंश तापमानात आवाजाचा वेग ३३४ होतो, शंभर मीटरला फरक आठ मिलिसेकंदांचा. वारा जास्त त्रास देतो: वाऱ्याविरुद्ध जाणारा आवाज वरच्या बाजूला वळतो आणि लांबच्या कोपऱ्यात धून येते-जाते. तिथेही इलाज तोच, जवळचा भोंगा.

धून निवडताना लोक जुन्या टीव्ही मालिकांच्या आठवणींवर जातात. जावे, पण तालाकडेही बघावे. 'मिशन: इम्पॉसिबल' (१९६६) ही लालो शिफ्रिन यांची धून ओळखायला एक सेकंद पुरतो, मात्र ती पाच मात्रांची आहे. दोन पायांनी चालणाऱ्या बावीस खेळाडूंचे आणि टाळ्या वाजवणाऱ्या जमावाचे पाचात जमत नाही. चौथ्या टाळीनंतर सगळे अडखळतात. १९९६ च्या चित्रपटासाठी ती चारात बसवून वाजवली गेली. लावायचीच असेल तर तो प्रकार लावावा. 'हवाई फाइव्ह-ओ' (१९६८) ही मॉर्टन स्टीव्हन्स यांची धून भोंग्यासाठी उत्तम: सलामीला ड्रम, मग ट्रम्पेट, सगळे मधल्या-वरच्या पट्ट्यात. 'द ए-टीम' (१९८३ ते १९८७) ही माइक पोस्ट आणि पीट कार्पेंटर यांची धून सरळ लष्करी संचलनाची, म्हणून चालायला सोपी. पण मालिकेच्या सुरुवातीला निवेदन आणि गोळीबाराचे आवाज आहेत. ते कापूनच वापरावे. गच्च भरलेल्या स्टँडमध्ये भोंग्यातून बंदुकीचा आवाज सोडणे हा शुद्ध वेडेपणा आहे. 'नाइट रायडर' (१९८२) ऐकायला झकास, पण तिचा श्वास खालच्या सिंथेसायझरमध्ये आहे. भोंग्यावर ती पोकळ वाटते, आणि वर सांगितलेला ट्रान्सफॉर्मरचा बिघाड व्हायला यासारखी दुसरी धून नाही. 'थंडरबर्ड्स' (१९६५) मध्ये बॅरी ग्रे यांचे दमदार पितळी संचलन आहे आणि त्याआधी पाचापासून एकापर्यंत उलटी मोजणी. संघ 'एक'ला बाहेर आला तर मैदान उसळते. पंचांनी आत बुटांच्या खिळ्यांची तपासणी लांबवली आणि 'एक'ला रिकामा टनेल (खेळाडू बाहेर येण्याचा बोगदा) दिसला, तर हशा. मोजणी वापरायची तर इशारा पक्का हवा.

इशाऱ्याचे गणित असे. ऑपरेटरच्या खोलीतून टनेलचे तोंड बहुधा दिसत नाही, म्हणून तिथे वॉकी-टॉकी घेतलेला एक माणूस लागतो. त्याने 'निघाले' म्हणायचे ते पंचांचे पाऊल टनेलच्या तोंडाला लागेल तेव्हा, ड्रेसिंग रूमचे दार उघडताच नव्हे. त्या दोन्हींत अर्धा-पाऊण मिनिट सहज जाते आणि तेवढ्यात धुनेचा पहिला जोम वाया जातो. तोंडापासून मध्यरेषेपर्यंत चालत ४० ते ५० सेकंद, पुढे हस्तांदोलन. दोन मिनिटांची धून पुरते. नाणेफेकीच्या आधी चार-पाच सेकंदांत ती हळूहळू खाली न्यावी. बासरीच्या धुनेला इथे जास्तच जपावे लागते, कारण पंचांची शिट्टीही त्याच दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात वाजते. खेळ सुरू असताना धुनेचा तुकडासुद्धा भोंग्यातून येता कामा नये. गोल झाल्यावर वाजवायची हौस असेल, तर पंचांनी गोल दिला हे डोळ्यांनी बघूनच. साइडलाइनवरचा झेंडा वर गेलेला असताना वाजलेली धून पुढचा आठवडाभर क्लबला ऐकवली जाते.

या सगळ्याच्या वर एक नियम: मैदानावरची ध्वनियंत्रणा आधी सुरक्षेसाठी आणि मग संगीतासाठी. १९७१ मध्ये ग्लासगोतल्या आयब्रॉक्स मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीनंतर ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षेची मार्गदर्शिका १९७३ मध्ये निघाली. 'ग्रीन गाइड' या नावाने ती ओळखली जाते. सूचना देणाऱ्याने माइकचे बटण दाबले की संगीत आपोआप गप्प झाले पाहिजे, ऑपरेटरला आधी ते बंद करावे लागता कामा नये. वीज गेली तरी माइक चालला पाहिजे, म्हणून बॅटरीवरचा आधार. ही चाचणी दारे उघडण्यापूर्वी, दर सामन्याला.

रेकॉर्डिंग कुठले घ्यायचे, यातही फसगत होते. जुन्या स्टीरिओ तबकड्यांत ड्रम एका बाजूला आणि पितळी वाद्ये दुसऱ्या बाजूला, असे टोकाचे वाटप असते. ऑपरेटर फक्त डावी वायर मिक्सरला जोडतो आणि अख्ख्या मैदानाला ट्रम्पेटशिवायची 'हवाई फाइव्ह-ओ' ऐकवतो. दोन्ही बाजू एकत्र करून मोनो फाइल आधीच बनवून ठेवावी आणि ती भोंग्यावरच ऐकून बघावी, हेडफोनवर नव्हे. दुसरी गंमत वेगाची. अमेरिकन मालिका फिल्मवर सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होत आणि ब्रिटिश टीव्हीवर २५ ने दाखवल्या जात. चार टक्के वेग वाढला की सूरही सुमारे पाऊण अर्धस्वराने चढतो. म्हणून टीव्हीवर मालिका बघत वाढलेल्या तिथल्या प्रेक्षकाला मूळ तबकडी मंद, उतरलेली वाटते आणि 'ही ती नाही' अशी तक्रार येते. फाइलचा वेग चार टक्क्यांनी वाढवा, तक्रार मिटते. 'झेड-कार्स' मुळातच ब्रिटिश, तिला हा प्रश्नच नाही.

परवान्याबद्दल लेखात एक ओळही नाही, आणि छोटे क्लब अडकतात ते इथेच. सार्वजनिक ठिकाणी धून वाजवताना दोन वेगळे हक्क येतात: रचनेचा आणि ध्वनिमुद्रणाचा. इंग्लंडमध्ये २०१८ पासून दोन्हींचा एकत्रित परवाना पीपीएल पीआरएस या संस्थेकडून मिळतो. तो मैदानात वाजवण्यापुरता. सामन्याची चित्रफीत क्लबने इंटरनेटवर टाकली आणि तिच्यात धून बसवली, तर त्याला हा परवाना लागू पडत नाही. ध्वनिमुद्रणाच्या हक्काची मुदत तिथे पूर्वी ५० वर्षे होती. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती ७० झाली, पण आधीच संपलेले हक्क पुन्हा जिवंत झाले नाहीत. १९६२ मध्ये बाजारात आलेल्या तबकड्यांची मुदत २०१२ अखेर संपली होती, म्हणून त्या वर्षीच्या 'झेड-कार्स'च्या तबकड्या ध्वनिमुद्रण म्हणून मोकळ्या आहेत. स्पीगल-फ्राय यांची बांधणी मात्र मोकळी नाही. स्पीगल २००३ मध्ये वारले आणि रचनेचा हक्क मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो. मूळ 'जॉनी टॉड'च्या चालीवर कोणाचाच हक्क नाही. गावातल्या बँडकडून ती चाल जुन्या लोकगीताच्या छापील स्वरलेखनावरून, स्वतःच्या नव्या बांधणीत, दोन पिकोलो आणि एक साइड ड्रम घेऊन वाजवून घ्यावी, वाजवणाऱ्यांची लेखी संमती क्लबच्या फायलीला लावावी आणि मग ती मैदानातही वाजवावी, चित्रफितीतही.

आपला,
मैदानी ध्वनियंत्रणेचे काम करणारा एक वाचक